जिथं चंद्र थांबत नाही

सोमवारी सकाळी आत्या गेल्या. मी चहा ठेवला आणि त्यांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. माझे यजमान, सतीश, डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान हलवली. मग मी आत गेले आणि गॅस बंद केला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कलावतीबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा मला तो शब्द जड जायचा, कारण माझ्या सख्ख्या आत्याशी माझं फारसं पटलं नव्हतं. पुढं कधी तो तोंडात बसला, कळलंही नाही. आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले आहेत. लिहायला बसते तेव्हा आधी दुपारच आठवते. सोप्यातली दुपार, दारातून आत आलेलं ऊन, आणि बाजेवर डोळे मिटून पडलेल्या आत्या. झोपल्या आहेत असं वाटून मी वाचायची थांबले की डोळे न उघडता म्हणायच्या, "जागी हाय म्या. म्होरं वाच."

आमच्या दोघींची गोष्ट एका नक्षत्रापासून सुरू होते. माझा जन्म आश्लेषेवरचा. आश्लेषेची मुलगी सासूला वाईट असते, सासूच्या जिवावर येते, असं मानतात. म्हणून अशा मुलीसाठी आई नसलेला मुलगा बघतात. माझे वडील शिक्षक होते, चार पुस्तकं वाचलेले, पण तेही स्थळाची चौकशी करताना पहिल्यांदा विचारायचे, "मुलाची आई आहे का?" आहे म्हटलं की त्यांचा आवाज पडायचा. नाही, वारली, असं ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची, तिची मला त्या वयातही लाज वाटायची. कुणाची तरी आई गेल्याचा आमच्या घरात आनंद होत होता...

आत्या मला बघायला आल्या तेव्हा वडिलांनी आधीच सांगून टाकलं, मुलगी आश्लेषेची आहे. पुढं फसवल्यासारखं नको. आत्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आसळका व्हय? आसळकाचा पाऊस झाला न्हाय तर आमच्या सोयाबीनच्या शेंगा पोचट राहत्यात. त्यात वाईट काय हाय?" वडील बघतच राहिले. मग त्या माझ्याकडं वळल्या. "पोरगी लई वाचती म्हणत्यात, खरं का? मला चौथीतनं काढलं शाळंतनं. घरात एक तरी वाचणारं पायजे."

पावसाची नक्षत्रं सूर्याची आणि जन्माचं नक्षत्र चंद्राचं, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. आत्यांना नव्हतं. त्यांना सगळी नक्षत्रं पावसाचीच ठाऊक होती. मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, आसळका, मघा... माणसंही त्याच नक्षत्रांवर जन्मतात, तर मग ती पिकासारखी पावसापाण्यावरच आली असणार, असा त्यांचा हिशेब. त्या चुकीच्या हिशेबावर माझं लग्न झालं. मी ती चूक कधी दुरुस्त केली नाही.

पण आश्लेषेची सून म्हणजे काय, ते गल्लीला माहीत होतं. मालनकाकू, आत्यांची चुलत जाऊ, पलीकडच्याच घरात राहतात. आत्यांना नुसतं पडसं झालं तरी काकू उंबऱ्यात हजर. "आक्का, आवाज बसला व्हय? झालं की मग सुरू." आणि माझ्याकडं एक नजर. आत्या तिथल्या तिथं विचारायच्या, "तुझी सून कुठल्या नक्षत्राची गं मालन?" "पुष्याची. पत्रिका दाखवून आणलीय." "मग तुझं गुडघं का दुखत्यात?" काकू चहा पिऊन जायच्या, पण नजर ठेवून जायच्या. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. तरी खरं सांगायचं तर आत्यांना धाप लागली की मला माझं नक्षत्र आठवायचं. शिकलेल्या माणसाच्याही पोटात एक जागा अशी असते, जिथं शाळा पोचलेली नसते.

धाप लागायला गेल्या दिवाळीत सुरुवात झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, रानात जायचं बंद केलं. दुपार आत्यांना खायला उठायची. माझी शाळा तुळजापूरला, सकाळच्या सत्रात भरते. जेवायच्या वेळेला मी घरी येते. शाळेच्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडंच आहे. नव्या पुस्तकांच्या खोक्यात एक जाडजूड किशोर कादंबरी आली होती. मुलांच्या हाती देण्याआधी आपण चाळावी म्हणून मी ती घरी आणली आणि सोप्यात वाचत बसले. आत्या बाजेवरून म्हणाल्या, "एकटीच काय गिळतीस? मोठ्यानं वाच की."

मी जरा अडखळले. कादंबरी अंतराळातली होती, विज्ञानातलं थोडं आणि कल्पनेतलं बरंच. अवकाशात सत्तावीस गावं तरंगत असतात, एकेका नक्षत्राच्या नावाचं एकेक गाव. त्यांना स्वतःचा उजेड नाही. चंद्र नावाचं एक मोठं जहाज फिरत असतं, ते रोज एका गावाला थांबतं आणि महिन्याभराचा उजेड उतरवून पुढं जातं. फक्त आश्लेषा गावाला ते थांबत नाही. तिथल्या माणसांच्या श्वासानं उजेड विझतो, अशी सगळीकडं समजूत आहे. त्या अंधाऱ्या गावातली चौदा वर्षांची एक मुलगी, हे कुणी ठरवलं ते शोधायला निघते. आश्लेषा हा शब्द आला तेव्हा माझा आवाज लटपटला असावा. आत्यांनी एक डोळा उघडला. "मंजी आपल्या फाट्यावर हैदराबादची यष्टी थांबत न्हाय, तसं म्हण की." आणि डोळा मिटून घेतला. "वाच."

ते दिवस मला आता एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखे वाटतात. देव नळदुर्गला गेलेला होता. वर्षातले काही दिवस आमचा खंडोबा तिकडच्या देवळात मुक्कामाला जातो, तेव्हा अणदूर थोडं निवांत, थोडं रिकामं असतं. त्या रिकामपणात आम्ही दोघी गावोगाव हिंडलो. मी वाचायची आणि आत्या गावं वसवायच्या. चित्रा गाव दिव्यांनी लखलखतं असं आलं, की म्हणायच्या, "ढोकीचा साखरकारखाना. गाळप सुरू असताना बघ एकदा, सगळा उजेड न् गोड वास." रोहिणी गाव त्यांना तुळजापूरसारखं वाटलं, कारण जहाज सगळ्यात जास्त वेळ तिथंच रेंगाळायचं. "लॉजवाल्यांची चैन हाय." तिथं हवा कशी टिकते, असं त्यांनी एकदा विचारलं. गावावर काचेसारखं छत असतं, आत हवा धरून ठेवलेली असते, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "मंजी पॉलीहाऊस. ढोबळी मिरची लावत्यात तसलं." त्यानंतर मी शाळेत अवकाशस्थानक शिकवताना पॉलीहाऊस म्हणूनच समजावते, आणि मुलांना ते लगेच कळतं.

चंद्राचं जहाज ठरलेल्या गावीही कधी कधी उशिरा यायचं, त्यावर त्यांचा विशेष राग. "देव न्यायचा तर नळदुर्गकरांना आपल्याशी करार करावा लागतो. कधी नेणार, कधी आणणार. ह्यांनी चंद्राशी करार करून घ्यायला नको व्हता का? नादान लोक." मी हसायची. त्या हसायच्या नाहीत. त्यांना ती गावं खरी होती. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या वर बघायच्या, आणि चांदण्या उगवायला लागल्या की विचारायच्या, "ती पोरगी आता कुठवर पोचली असंल?" पुस्तक मिटलेलं असलं तरी ती मुलगी चालतच असणार, अशी त्यांची समजूत होती. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. फळ्यावर लिहिताना मध्येच तिची आठवण यायची, अंधारातून एकटी निघालेली...

आश्लेषेच्या पुढचं गाव मघा. मुलगी बाकीची सगळी गावं पालथी घालते आणि शेवटी शेजारच्याच मघा गावात येते. तिथं एक म्हातारी तिला दार उघडते, जेवायला घालते, आपल्या वाट्याच्या उजेडातला अर्धा देते. काही दिवसांनी म्हातारी झोपेतच मरते. गाव जमतं, आश्लेषेच्या पोरीनं म्हातारीला खाल्लं म्हणून ओरडतं, आणि मुलीला दगड मारून हाकलतं. मला हे पुढचं ठाऊक नव्हतं. वाचता वाचताच कळलं, आणि शेवटच्या ओळी मी कशा वाचल्या मला आठवत नाही. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मग आत्या उठून बसल्या. त्या रागावल्या होत्या, आणि राग होता त्या म्हातारीवर. "हिनं आधी सांगून ठिवायला नको व्हतं का? आपलं वय झालंय, आपुन आज ना उद्या जाणार, हे काय तिला कळत नव्हतं? पोरीला घरात घेतलीस, भाकर घातलीस, आन् मरताना तिला तशीच सोडून गेलीस. चार माणसं बोलवून सांगायला तोंड नव्हतं का तिला?"

"आत्या, गोष्ट आहे ती."

"गोष्ट म्हणूनच म्हणते. लिवणाऱ्याला सुचलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर सोपा भरलेला. मालनकाकू, त्यांची सून, गल्लीतल्या आणखी चौघी. तुरी नुकत्याच निघाल्या होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात सूप. आत्यांनी सगळ्यांना तुरी निवडायला बोलावलं होतं. निदान सांगितलं तरी तसंच होतं. मी ताटावर बसण्याआधीच त्या म्हणाल्या, "आरुणा, कालचं वाच. सगळं. म्हातारी मरते तिथपर्यंत." मी नको म्हणाले. त्यांनी नुसतं बघितलं. मी वाचलं.

सुपांचा आवाज हळूहळू थांबला. म्हातारी मेली तेव्हा मालनकाकूंच्या तोंडून "आई गं" निघालं. पोरीला दगड मारून हाकलतात तिथं मी वाचायची थांबले. मग आत्या बोलल्या. धाप लागत होती, म्हणून थांबत थांबत. "आता ऐका. त्या म्हातारीनं सांगितलं न्हाय, म्या सांगते. माझं काळीज थकलंय, सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलंय. म्या जाणार, लवकरच जाणार. ही घरात आली तवापासनं म्या सुखानं खाल्लं, तिनं मला अख्खं आभाळ फिरवून आणलं. म्या मेले आन् कुणी हिच्या नक्षत्राचं नाव काढलं, तर त्या बाईनं माझ्या मातीला येऊ नये. मालन, तुला सांगते."

"मलाच का गं आक्का?"

"तूच बोलणार म्हणून."

बायका हसल्या, काकूही हसल्या, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. आत्या पाठोपाठ आल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. "रडतीस काय? आसळका सरला की मघाचा पाऊस येतो. मघाला सासूचा पाऊस म्हणत्यात, म्हायती हाय न्हवं? तू आधी, म्या तुझ्या मागनं. एकमेकीच्या लागूनच हाव आपण."

त्यानंतरही आम्ही वाचत राहिलो, पण त्यांचा दम पुरेना. एक पान झालं की झोप लागायची. शेवटच्या रविवारी मुलगी पुन्हा जहाजाच्या वाटेवर येऊन थांबली होती. आत्यांनी विचारलं, "आता थांबंल का गं जहाज?" मला ठाऊक नव्हतं. उद्या बघू, असं मी म्हणाले.

मातीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. मी आत्यांच्या उशाशी बसले होते. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी एक वाक्य आलं. सतीशच्या दूरच्या एका मावशीनं शेजारणीला सांगितलेलं, "सून आश्लेषेची हाय. आज ना उद्या व्हणारच व्हतं." माझा हात आत्यांच्या पांघरुणावर होता, तो मी काढून घेतला. का काढला, सांगता येत नाही. पोटातली ती जागा...

मालनकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या. "ओ पाव्हणीबाई," त्या मावशीकडं बघत म्हणाल्या. "आक्कानं सांगून ठिवलंय. असं बोलणारीनं मातीला थांबायचं न्हाय. म्या समोर हुते. आन् तुमाला म्हायती न्हाय म्हणून सांगते, मघा गावची म्हातारी बी वयानंच मेली. पोरीनं काय केलं नव्हतं. म्या सगळं ऐकलंय." मावशीला त्यातलं काय कळलं असेल कुणास ठाऊक. कुठलं मघा, कुठली म्हातारी. पण ती पुन्हा बोलली नाही. काकू माझ्याजवळ येऊन बसल्या, त्यांनी माझा हात धरला आणि होता तिथं, आत्यांच्या अंगावर, परत ठेवला.

दिवस झाले, पाहुणे गेले. एका दुपारी मी शाळेतून आले तर मालनकाकू सोप्यात बसलेल्या, बाजेवर नाही, खाली, चटईवर. मी पाणी दिलं. त्या ते प्याल्या आणि इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "ती पोरगी वाटंवर हुबी हाय म्हणली हुती आक्का. तशीच ठिवणार हायीस का तिला?"

पुस्तक मी शाळेत परत केलेलं नव्हतं. आम्ही रोज दोन-तीन पानं वाचतो. काकूंना गावं वसवता येत नाहीत, त्या मध्येच डुलकी घेतात आणि उठून विचारतात, जहाज आलं का. माझी भीती पुरती गेली, असं मी म्हणणार नाही. बाज रिकामी असते. अजून थोडी पानं राहिली आहेत.