टर्बो थांबला का?

मंडळी, आज सकाळी माझ्या जुन्या गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, पहिल्यांदा फिरला. सेकंडहँड आहे, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कबाडीवाल्याकडून आणलेला.

तिथं चार टर्बो पडले होते. भैया म्हणे, "अंकल, सब एक जैसे हैं." सोबत आलेल्या बाबांना ऐकू येत नाही, हे बरंच झालं. त्यांनी एकेकाचा शाफ्ट, मधला दांडा, बोटानं हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला तर चालते, आतबाहेर सरकला तर घ्यायचा नाही. चौथा पसंत पडला. घरी रॉकेलनं धुतला, नवे बेरिंग, सील टाकले, बॅलन्सिंग करून आणलं.

बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. इंजिन बंद झालं की ते हात वर करत आणि सारे चूप होत. टर्बोची शिट्टी बारीक होत विरेपर्यंत बाबा मोजत राहायचे. लवकर थांबला तर बेरिंग खराब. त्याच शेडच्या आवाजात त्यांचे कान गेले.

आज मी गाडी बंद केली आणि बाबांचा हात वर गेला. आई, शेजारच्या दीदी, सगळे चूप.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबला का, पोरी?"

कारचा टर्बो एवढासा, बेरिंग चांगलं असलं तरी लगेच थांबणारा. त्यांचा हात वर जायच्या आधीच थांबला होता.

"नाही बाबा," मी त्यांच्या कानाशी ओरडली, "अजून फिरून राहिला."

"मंग बेरिंग मस्त बसलं," ते म्हणाले. हात मात्र वरच होता.

तुम्ही असते तर काय सांगितलं असतं?