खरो बुवा वाटेर आसा

"बुवा, चा घे मरे," असं कोणी म्हटलं की तो आधी मागे वळून बघायचा. मग हसून म्हणायचा, "खरो बुवा वाटेर आसा. हांव तेवड्यापुरतो."

हे वाक्य आमच्या फार्सातलं. पेडण्याकडच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी हाच फार्स हवा असतो. त्यात फोंड्याहून आलेले नामांकित गायक नट, म्हणजे खरे बुवा, झोपेची गोळी घेऊन घोरत पडतात, आणि घाबरलेलं मंडळ गावच्या न्हाव्यालाच फेटा बांधून बुवा म्हणून उभं करतं. त्या न्हाव्याचं काम याचं; सोंगाचा कोणाला संशय आला की तो हे वाक्य फेकायचा. विंगेत प्रॉम्प्टिंगला मी, पण याला कधी शब्द द्यावा लागला नाही.

गायचा झकास. वन्स मोअर हमखास. पण शेवटी खरे बुवा जागे होत, टाळ्या ते घेत आणि याला ढकलून बाहेर काढत. विंगेत येऊन तो गुपचूप फेटा सोडायचा.

एरवी डिचोलीच्या बसवर कंडक्टर. नार्वे गावची माणसं एकदा त्याला भजनी बुवा समजून घेऊन गेली. बिचाऱ्याला येत होतं एकच पद, तेही शृंगाराचं! डोळे मिटून तेच गायला. "देवान समजून घेतलें आसतलें," असं मला सांगताना लाजला होता.

लग्न केलं नव्हतं. माझ्या शेजारच्या घरात एकटाच राही. एकदा पायरीवर बसून म्हणाला, "नावान हाक मारपी एक भयण आसली मांद्र्याक. तीय गेली. आतां म्हजें नांव कोणाच्याच तोंडान येना."

बहिणीमागे त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कुंपणावरून नावाने हाक मारली. त्याने ओ दिली नाही. सवयच गेली होती.

यंदा उत्सवाच्या तोंडावर तो गेला. भाच्याने गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्ण नावानिशी बातमी टाकली. जोडलेले हात भराभर आले, पण स्मशानात खांदा द्यायला जेमतेम माणसं. मला गावाचा संताप आला.

तसाच संध्याकाळी तालमीला गेलो. सगळे हजर होते. पेटीवाल्याने सूर धरला होता.

"बुवा खंय रे?" कोणीतरी विचारलं.

"येतलो मरे. वाटेर आसतलो."

मी त्याचं नाव घेतलं. म्हटलं, त्याला आत्ताच पोचवून आलो.

"तो कोण?"

"बुवा," मी म्हणालो.

पेटी थांबली.