एकतीस घरांचं जळण

फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस गावात निम्मं सरकारच असतो. नाथाजीचंही तसंच होतं. कवठे महांकाळच्या पलीकडच्या त्या माळावरच्या गावात अर्ज लिहायचा असो की पोराचा दाखला काढायचा असो, माणसं त्याच्याच ओट्यावर येत. त्यामुळं सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पंचायत समितीनं तालुक्याचा ऊर्जा आराखडा करायला घेतला, तेव्हा गावची पाहणी ग्रामपंचायतीनं डोळे झाकून त्याच्या गळ्यात घातली.

काम अवघड नव्हतं. घरोघर जायचं, चूल बघायची, एका दिवसाचं जळण ताणकाट्याला लावून तोलायचं आणि लाकूड किती, शेणी किती, रॉकेल किती ते फॉर्मात भरायचं. त्यावरून वरचे साहेब ठरवणार की निर्धूर चुली कुणाला, गोबरगॅस कुणाला आणि गायरानाचं काय करायचं. गावठाणातली घरं नाथाजीनं आठ दिवसांत उरकली. कुठं पोहे, कुठं चहा, मजेत गेले दिवस. मागं राहिली बौद्ध वस्ती, एकतीस घरं.

तिथं गाडं अडलं. वस्तीत गेलं की चहा पुढं येणार. घेतला तर भावकी तोंडसुख घेणार, न घेतला तर वस्तीच्या मनाला लागणार. आता हाच नाथाजी बर्फातल्या चौकीवर विदर्भातल्या एका बौद्ध जवानाबरोबर तीन हिवाळे एकाच मगातला चहा प्यायला होता. दोघांनी एकमेकांचे पायमोजेसुद्धा घातले होते. पण पेन्शन घेऊन गावी आला, भावकीच्या पंगतीत बसायला लागला आणि ते सगळं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वागायला शिकला. माणूस शिकतो, काय नाही शिकत?

एका सकाळी तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन वस्तीच्या विहिरीपर्यंत गेला. थोडा वेळ उभा राहिला. मग आपल्याला कुणी बघितलं नाही अशी खात्री करून माघारी फिरला आणि घरी बसून एकतीस फॉर्म भरून टाकले. लाकूड लिहिलं की वजन लिहावं लागतं. म्हणून त्यानं सगळीकडं 'रॉकेलचा स्टो' लिहिलं आणि रेशनच्या यादीवरून लिटर उतरवले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून चावडीपुढं ग्रामसभा बसली. तालुक्याहून विस्तार अधिकारी आले होते, तरुण आणि तळमळीचा माणूस. त्यांनी मागच्या महिन्यात जपानात झालेल्या बैठकीपासून सुरुवात केली. जगाचा धूर आभाळात साठतोय, हवा तापतेय आणि तो धूर आधी कुणी कमी करायचा यावर मोठे देश भांडतायत. "ज्यांनी जास्त केला त्यांनी आधी बघावं, हे खरंच. पण आपली चूल आपणही बघितली पाहिजे," ते म्हणाले. माणसांनी माना डोलावल्या. हवा तापते हे कवठे महांकाळच्या माणसाला सांगायला जपान कशाला लागतंय!

मग त्यांनी आराखडा वाचला. गावठाणाला नव्वद निर्धूर चुली आणि बारा गोबरगॅस. बौद्ध वस्तीला काही नाही, कारण ती सगळी स्टोवर. "तालुक्यात असं दुसरं उदाहरण नाही," असं कौतुकही झालं. आणि वस्तीलगतचं गायरान आता जळणाला लागत नाही, तेव्हा त्याला आठ दिवसांत तारेचं कुंपण घालून आत झाडं लावायची. टाळ्या पडल्या.

मागच्या बाजूनं वस्तीतली भामाबाई उठली. पन्नाशीची, सडसडीत बाई.

"सायेब, कसला स्टो? आमच्यात दोन घरी हाय, त्यो बी बाळतिणीला पानी तापवाय. रेशनचं राकेल चिमनीला पुरत न्हाई. समदी त्या गायरानातल्या काट्याकुट्यावर भाकरी भाजतोय. ते बंद केलं तर पेटवायचं काय?"

"मग बाई, पाहणीला आले तेव्हा का नाही सांगितलं?"

"आलं कुटं? अंगनं सारवून वाट बघत हुतो आमी. हवालदार हिरीपतूर आलं, उबं ऱ्हायलं आन् माघारी गेलं. समद्यांनी बघितलं की."

नाथाजीनं मान खाली घातली, ती वर येईना. पाहणी खोटी निघाली याची लाज होतीच. पण जास्त लाज याची, की एकतीस घरांना दोन महिने हे ठाऊक होतं आणि तरी बाजारात गाठ पडली की ती माणसं "काय हवालदार, बरं हाय न्हवं?" असं विचारत होती, आणि हा आपला हसून उत्तर देत होता. जमीन दुभंगली असती तर त्यानं सभा संपायचीही वाट बघितली नसती.

साहेबांनी आवाज चढवला नाही. नवे फॉर्म परवापर्यंत हातात आले तर कुंपण थांबेल, म्हणाले. जुना फॉर्म रद्द करण्याचं कारण प्रत्येक फॉर्मवर लिहायचं, घरच्यांना वाचून दाखवायचं, खाली त्यांची सही नाहीतर अंगठा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाथाजी वस्तीत गेला. पहिलं घर भामाबाईचं. जळण तोललं, सहा किलो भरलं. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं, 'प्रकृती ठीक नसल्यामुळे.' भामाबाईची नात दीक्षा बारावीला होती. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"ह्याच्यावर म्या आंगठा देत न्हाई," भामाबाई म्हणाली.

"भामाबाई, आंगठा न्हाई दिला तर गायरान जाईल."

"जाऊ द्या. हिरीपतूर चालत आला हुता की तुमी. परकुतीला काय धाड भरली हुती?"

"मग काय लिवू?"

"ते आमी कसं सांगावं? तुमच्या मनातलं तुमालाच म्हाईत."

नाथाजीनं ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'वस्तीत चहा घ्यावा लागेल म्हणून आलो नाही.' दीक्षानं तेही वाचलं. भामाबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग घरामागून घर. दीक्षा बरोबर यायची, वाचायची, आणि वाचताना त्याच्याकडं बघायची नाही. ओळ तीच, पण दर घरी ती नव्यानं ऐकावी लागत होती. बायका ऐकायच्या, पोरं ऐकायची, कुणी हसत नव्हतं, कुणी रागवतही नव्हतं. शिव्या खायची तयारी करून आलेल्या नाथाजीला हे सोसेना.

तीस घरं झाली आणि दीक्षा दुपारच्या कॉलेजला निघून गेली. शेवटचं घर धोंडिरामचं. म्हातारा एकटाच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षराची ओळख नाही. इथं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, आणि ते नाथाजीच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. पेन कागदावर तसंच थांबलं. मग त्यानं तीच ओळ लिहिली आणि पहिल्यांदाच आपल्या तोंडानं वाचली.

धोंडिरामनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला. "त्या दिशी कपबश्या म्या मागून आनल्या हुत्या. एकीचा कान तुटका निगाला. मला वाटलं, लांबनं तुमाला त्यो दिसला आन् तुमी फिरला. दोन म्हैनं मलाच लाज वाटत हुती, हवालदार."

आणि चाचपडत त्यानं अंगठा पुढं केला.