अंकुशाखालचा ओरखडा

चांदीच्या एका रुपयाची ती चौकशी आजही माझ्या स्मरणातून गेलेली नाही. त्या वेळी कोथरूड परिसरातील एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. हिंजवडीत संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि परदेशी निघालेल्या तरुणांच्या पासपोर्ट पडताळणीचे कागद आमच्या टेबलांवर साचत होते.

एके सकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. विधुर, मूलबाळ नाही. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची होती. त्यांच्या नाणेसंग्रहातील मानाचे नाणे म्हणजे पेशवेकाळचा अंकुशी रुपया, हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असलेला. एका प्रदर्शनासाठी छायाचित्रे हवी होती म्हणून त्यांनी संग्रह काही दिवस पुतण्याच्या स्वाधीन केला. नाणी परत आली, छायाचित्रेही आली. परंतु रुपयावर अंकुशाखाली जो बारीक ओरखडा होता, तो नव्या छायाचित्रात नव्हता. पूर्वी स्टुडिओत काढून घेतलेल्या छायाचित्रात मात्र तो स्वच्छ दिसत होता.

"माझं नाणं बदललंय," ते म्हणाले. "पुतण्याचं नाव लिहून घ्या."

आपण त्याला विचारलेत का, असे मी म्हटले, तर उत्तर आले, "चोराची परवानगी घेऊन तक्रार करायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

आईवडील लवकर गेल्यामुळे हा पुतण्या काकांच्याच घरी वाढला होता. आता तो हिंजवडीत नोकरीला होता आणि कंपनी त्याला परदेशी पाठवणार होती. त्याच्या पडताळणीचा कागद माझ्याच खणात होता. गुन्हा दाखल झाला तर माझा शेरा प्रतिकूल जाणार आणि त्याचे जाणे बारगळणार, हे उघड होते. मी प्राथमिक चौकशी सुरू केली.

रुपया मी स्वतः बहिर्गोल भिंगातून पाहिला. ठाण्यातील ट्यूबलाइटच्या उजेडात रेघ आहे असे क्षणभर वाटे, पुन्हा वाटे की नाही. एवढ्यावर पंचनामा लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. हा तरुण रविवार पेठेत जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याला रुपया दाखवताना दिसला होता. संशयाला आता आधार मिळाला. मी पुतण्याला बोलावून घेतले. काकांनाही थांबवले, मात्र बाहेरच्या बाकावर.

खोटे बोलणाऱ्यापाशी बहुधा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते, असा माझा अनुभव आहे. याने नोकरी, पगार, घरासाठी काढलेले कर्ज, सारे न अडखळता सांगितले. व्यापाऱ्याकडे गेल्याचेही मान्य केले. कशासाठी गेलात, या एकाच प्रश्नावर तो गप्प राही. शेजारी उभे असलेले आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटरवाले आहेत. उत्तर डाउनलोड व्हायला वेळ लागणारच."

मी खणातून पडताळणीचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला आणि विचारले, "सर, काका बाहेर बसलेत का?" मी दार लावून घेण्यास सांगितले.

मग त्याने जे सांगितले ते असे. जवळून छायाचित्र घेण्याच्या दोन मॅक्रो लेन्स दुकानात दाखवल्या होत्या, एक पन्नास मिलिमीटरची, एक शंभरची. नाणे दोन्हींत सारखेच मोठे येते. पण पन्नासची लेन्स नाण्यापासून दोन-तीन बोटांवर न्यावी लागते. तिचीच सावली नाण्यावर पडते आणि बाजूने उजेड शिरायला जागा उरत नाही. नाइलाजाने उजेड वरून द्यावा लागतो, आणि मग बारीक रेघा पुसल्यासारख्या होतात. शंभरची लेन्स वीतभर दूर राहते. काका दुकानात सोबत होते. ते म्हणाले होते, "नाणं दोन्हींत तेवढंच दिसतं ना? मग दुप्पट पैसे कशाचे, लांब उभं राहण्याचे?" आणि पन्नासची लेन्स त्यांनी घेऊन दिली. छायाचित्रे सपाट का येतात, हे विचारायला तो व्यापाऱ्याकडे गेला होता.

"हे काकांना का सांगितलं नाहीत?"

"पेन्शनमधून घेऊन दिली, सर. ती चुकीची आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू? दुसरी मागून आणून गुपचूप पुन्हा फोटो काढणार होतो. त्याआधीच ते इथे आले."

व्यापाऱ्याने या म्हणण्यास दुजोरा दिला आणि नाण्यांची छायाचित्रे काढण्याची आपली शंभरची लेन्सही दिली. दोन पंचांसमोर तोच कॅमेरा, तोच रुपया ठेवला आणि टेबलावरचा दिवा बाजूने खाली वाकवला. संगणकाच्या पडद्यावर अंकुशाखाली केसासारखी रेघ उमटली. जुन्या छायाचित्राशी ती ताडून पाहिली. लांबी तीच, टोकाशी असलेला बाकही तोच.

काका पडद्याला जवळजवळ नाक लावून बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "अर्ज मागे घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो का?"

लागतो, असे मी सांगितले. ते खिशात चष्मा चाचपू लागले, तोच पुतण्याने कोरा कागद ओढून घेतला. "मी लिहितो, काका. तुम्ही सही करा."

ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच ती मागे घेण्याचा अर्ज लिहावा, असे माझ्या सेवेत त्याआधी कधी घडले नव्हते. नियमात आडवे येणारे काही सापडले नाही, म्हणून मी लिहू दिले. 'गैरसमजातून तक्रार केली' येथवर तो आला तेव्हा काकांनी थांबवले. "त्याआधी 'माझ्या' घाल," ते म्हणाले. त्याने काकपदाची खूण करून तो शब्द ओळीच्या वर घातला. काकांनी सही केली. पडताळणीच्या कागदावर मी त्याच दिवशी अनुकूल शेरा दिला.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, की वस्तू फार दूर असली तर दिसत नाही, आणि फार जवळ असली तरीही दिसत नाही. तो पाठ मी मुखोद्गत केला होता. त्याचा अर्थ मला पोलीस ठाण्यात कळला. त्यानंतर संशयित एखाद्या प्रश्नावर गप्प झाला की, हा कोणाला वाचवतो आहे, हे मी आधी शोधू लागलो. बहुतेक वेळा उत्तर 'स्वतःला' असेच निघाले. तरीही तो प्रश्न विचारणे मी निवृत्त होईपर्यंत सोडले नाही.