नानांच्या छतातलं मीठ

दोन हजार सोळाचा उन्हाळा. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, आमच्या देवळाईत नळ आलेलाच नव्हता आणि गल्लीतला जो तो घरावर मजला चढवत होता. कॉलेजच्या पोरांना खोल्या भाड्यानं जातात ना! मीही एक चढवलेला. फक्त नानासाहेब तेवढे जगावेगळे. लेक कमावता, सून शिकलेली, प्लॉट ऐसपैस, आणि घर बांधायला काढलं ते एकमजली. भिंती दुहेरी, मधे पोकळ, उन्हाच्या बाजूला खिडकीच नाही.

मी विचारलं, "नाना, किल्ला बांधायलात का? तोफा कुठनं येणार हायेत?"

"तोफा नाय, तूच येणार कूलर विकायला. तुला अडवायला बांधायलो."

माझं क्रांती चौकाच्या मागं कूलर दुरुस्तीचं दुकान. त्यामुळं हे गार घर म्हणजे माझ्या पोटावर पाय, असं मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

खरं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. नाना एस.टी.च्या वर्कशॉपात जन्मभर बसचे पत्रे ठोकत होते, आणि घरी येऊन निजायचे तेही पत्र्याखालीच. मुकुंदवाडीतल्या त्या खोलीत आदल्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई पोळ्या लाटता लाटता कोसळल्या. शुद्धीवर यायला रात्र गेली. दवाखान्याच्या पायरीवर बसून नाना म्हणाले होते, "बन्स्या, आता हिला पत्र्याखाली नाय निजवणार."

सून प्रेरणा तंत्रनिकेतनात शिकवते. घराचा नकाशा तिनंच काढला. नानांनी एकच हट्ट धरला, छतावर माती पाहिजे. त्यांचं गाव दौलताबादच्या पलीकडं. तिथली जुनी घरं माळवदाची, म्हणजे छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर अंगाची लाही होते तेव्हा आत माणूस पांघरूण शोधतो, असं नाना सांगायचे. प्रेरणानं चार दिवस विचार केला आणि म्हणाली, "नाना, बरोबर आहे तुमचं. स्लॅबवर वीतभर माती टाकू, भिजवून चोपू, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवू. ऊन वरच्या वर अडेल."

झालं! नाना दारोदार सांगत सुटले, "सुनेनं माझं ऐकलं." वर्कशॉपात साहेबानं कधी ऐकलं नव्हतं आणि घरी मनकर्णाबाई ऐकत नाहीत, तेव्हा माणसाला अप्रूप वाटणारच.

माती आली, ट्रॉल्या भरभरून. छतावर पसरली. आता आमच्याकडं माळवदाच्या मातीत मीठ घालायची रीत आहे. गवत उगवत नाही, वाळवी लागत नाही. एके दुपारी लेक-सून कामावर गेलेली असताना नानांनी खडेमिठाची दोन पोती वर नेली आणि निवांतपणे मातीत कालवली. कुणाला बोलले नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे. वरणात मीठ घातलं हे कुणी गल्लीत जाहीर करतं का?

त्या आठवड्यात संध्याकाळी नाना माझ्या ओट्यावर चहाला आले. मला खोड्या काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

"नाना, तुमची सून लई मोठी माणूस हो! तुम्ही मातीचं बघायला गावाला गेला होता ना, त्या दिवशी स्लॅबला टँकर आला. बाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, आणि अख्खा टँकर परत पाठवला. इथं लोकांना तोंड धुवायला पाणी नाय!"

"का बरं पाठवला?"

"का तर म्हणे मचूळ हाय. मीठ सळईला खातं म्हणे."

नानांची बशी ओठापाशी थांबली. "काय म्हणलास?"

"मीठ. सळईला. खातं."

त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. मला वाटलं, सुनेची थट्टा लागली त्यांना. मग त्यांनी दबक्या आवाजात दोन पोत्यांची गोष्ट सांगितली.

आता गंमत बघा. गंजाची गोष्ट नानांना कुणी शिकवायची? कोकणातनं आलेल्या बसगाड्या त्यांनी हातानं खोललेल्या. वरनं रंग ताजा आणि आत पत्र्याची चाळणी. पण माळवद त्यांच्या डोक्यात एका खोलीत राहत होतं आणि लोखंड दुसऱ्या. मधलं दार माझ्या थट्टेनं उघडलं.

"स्लॅबातली सळई दिसत नाय रे बन्स्या," ते म्हणाले. "ती आत फुगती. मग कधीतरी ढलपा पडतो. ही त्याच्याखाली निजणार."

"मग सुनेला सांगा की सरळ."

"सांगू कसं? आत्ता कुठं ती माझं ऐकायली. उद्यापास्नं मी बोललो की हसतील." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आणि तू कुणाला बोलायचं नाय."

मला! ज्याच्या तोंडून गल्लीला पेपराच्या आधी बातमी कळते, त्या मला. पण मी गप्प राहिलो. इतका, की बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

माती कोरडी होती तोवर मीठ जागच्या जागी होतं. पण रविवारी गोड्या पाण्याचा टँकर ठरलेला. माती भिजली की मीठ विरघळून खाली उतरणार. नानांनी आधी अमावस्येचं कारण काढलं. प्रेरणानं कालनिर्णय बघितलं, अमावस्या होऊन गेली होती. मग एका भर दुपारी ते एकटेच फावडं आणि घमेलं घेऊन वर चढले. माझ्या गच्चीवरनं मला सगळं दिसतं. दहा-बारा घमेली उतरवली असतील, मग कठड्याला धरून तिथंच बसले. मी धावत जाऊन त्यांना खाली आणलं. तोंड लालबुंद, ओठ कोरडे.

मनकर्णाबाई खाली ओरडत होत्या, "या वयात छतावर काय पुरलंय यांनी? सोनं का?"

रविवारी सकाळी टँकर आला. उरलंसुरलं मिळेल म्हणून गल्लीतल्या बाया हंडे-कळश्या घेऊन आधीच उभ्या. लेक शिवराज पाइपचं तोंड घेऊन छतावर, टँकरवाला सांडू खाली कॉकवर हात ठेवून. आणि नाना आले ते सरळ पाइपावर पाय देऊन उभे राहिले.

"सोडू नको पाणी."

"नाना, पाय काढा, मला पुढं दोन फेऱ्या हायेत," सांडू म्हणाला.

वरनं शिवराज ओरडला, "नाना, काय झालं?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. कुठंही पाचर मारून विषय फिरवणं हे माझं काम. पण मी टँकरची चाकं मोजायला लागलो. प्रेरणा जवळ आली. "नाना, बरं वाटत नाही का?"

"मातीत मीठ हाय," नाना म्हणाले. "म्या घातलं. दोन पोती."

हंडा घेऊन उभ्या पारूबाई फिस्सकन हसल्या. "अगं बाई, मग कैऱ्या पण टाकायच्या! लोणचं झालं असतं."

हसण्याची लाटच उठली. नाना मान खाली घालून उभे, पण पाय पाइपावरनं काढला नाही. प्रेरणा हसली नाही. ती शिडीनं वर गेली, माती उकरून बघत राहिली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा असा पांढरा, की हसणारे आपोआप थांबले.

"सगळी माती उतरवायची. आजच."

"आणि माझं पाणी?" सांडूनं विचारलं. "भरलेला टँकर मी परत नेत नसतो."

"गल्लीला वाटा."

बायांनी हंडे भरले, बादल्या भरल्या, पारूबाईंनी तर पातेलीसुद्धा आणली. पण फुकटचं पाणी घेतल्यावर घरी कसं जायचं? तासाभरात तीच माणसं साखळी करून घमेली खाली देत होती. मीसुद्धा. दिवे लागेपर्यंत स्लॅब केरसुणीनं झाडून कोरा केला.

नाना दिवसभर सुनेच्या मागंमागं. शेवटी विचारलंच, "सळईला काय झालं नसंल ना?"

"माती कोरडी होती नाना. खाली डांबराचा हातही दिलाय. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक म्हंजी?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक." ती दमून पायरीवर बसली. मग म्हणाली, "गवत येतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तुमच्या होतं. पण घालायच्या आधी मला विचारायचं. आता नवी माती आणू, आणि गवत आलं तर उपटू."

"कोण उपटणार?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

नानांना इतकं हायसं वाटलेलं मी तेव्हाच पाहिलं, पण ते टिकलं नाही. 'बहुतेक' हा एक शब्द त्यांच्या मनात जाऊन बसला. दिवाळीच्या आधी घर पुरं झालं. आत खरंच गार. मी मुद्दाम दुपारी जाऊन बसायचो आणि दुकान बुडाल्याची बोंब मारायचो. नाना हसायचे, पण नजर वर. कुठं डाग दिसतो का, रेघ दिसते का. भिंतीवरच्या जाड तुळईचा तेवढा त्यांना भरवसा.

वास्तुशांत झाली आणि मनकर्णाबाई माझ्या बायकोकडं येऊन रडल्या. "एवढं माझ्यासाठी घर बांधलं म्हणतात, आणि म्हातारपणी मला वेगळं काढलं. स्वतः दक्षिणेच्या खोलीत निजतात, मला मधल्या खोलीत ढकललंय. माझं काय चुकलं?"

दक्षिणेच्या खोलीवरच ती पोती रिकामी केली होती. तिथंच मीठ दाट होतं. मी बराच वेळ तोंड दाबून बसलो. पण बाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना, तेव्हा सांगून टाकलं.

त्या उठल्या. पदर खोचला, घरी गेल्या. मी काय होतं ते बघायला मागोमाग. बाईंनी मधल्या खोलीतली गादी काखोटीला मारली आणि दक्षिणेच्या खोलीत आणून आपटली.

नाना दचकले. "इथं कशाला? इथं उकडतं."

"गार घरात उकडतं? खोटं बोलू नका. मला बन्सीनं सांगितलंय सगळं."

नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी दाराआड सरकलो.

"अगं, बहुतेक काही नाय व्हायचं, पण..."

"मग बहुतेक मलाही काही नाय व्हायचं. सरका."

नानांनी छताकडं बघितलं. मग उठले, आपली खाट ओढून मधे आणली आणि भिंतीलगतची जागा बायकोला मोकळी करून दिली.

"तू हितं निज," ते म्हणाले. "हितं वर तुळई हाय."