जसंच्या तसं

इंदिरानगरमध्ये एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी नवरा-बायकोंना एकमेकांशी बोलायला शिकवते. माझ्या घरी याचं सगळ्यांना हसू येतं, कारण मी स्वतः कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. हल्ली त्या खोलीचं कुलूप काढण्याआधी मी कानोसा घेते. आत एक पुरुष कुणाचं तरी वाक्य शांतपणे परत म्हणतोय, असं वाटत राहतं. दार उघडलं की रिकाम्या खुर्च्या असतात.

लासलगावकडची एक मुलगी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि चार महिने माहेरी येऊन राहिलेली. का आली, तर म्हणे पटत नाही. त्यापलीकडे तिनं आईलाही काही सांगितलं नव्हतं. मीही तिला एकटीला कधी विचारलं नाही. दोघांना समोरासमोर बसवूनच बोलायचं, हा तेव्हा माझा नियम होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. तिच्या आईनं मला बजावलं होतं, "तुम्ही म्हणाल तरच पोरीला नांदायला पाठवीन."

माझा एक लाडका धडा आहे. एकानं मनातलं सांगायचं. दुसऱ्यानं उत्तर न देता, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं. पहिले तीन आठवडे ती ओढणीशी चाळा करत भाजीतल्या मिठाबद्दल बोलली. चौथ्या खेपेला म्हणाली, "मला तुमची भीती वाटते."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि सावकाश म्हटलं, "तुला माझी भीती वाटते."

"वा! एक शब्द गाळला नाहीत," म्हणून मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

शेवटच्या बैठकीला तिची आई नारळ, तांदूळ आणि खण घेऊन आली. सासरी निघालेल्या लेकीची ओटी मीच भरावी, असा हट्टच धरला. मी भरली. दोन घरांत समेट घडवला म्हणून त्या दिवशी किती फुशारले होते मी! आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दीड महिन्यानं भरदुपारी ती एकटीच आली, द्वारका चौकात बसमधून उतरून रिक्षानं. डावा हात प्लास्टरमध्ये. खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मॅडम, ते आता लय नीट ऐकून घेतात," ती म्हणाली. "मी बोलले ते आधी जसंच्या तसं म्हणून दाखवतात. मग मारतात. आधी नुसतं मारायचे."

मला राग आला, आणि लाज वाटते सांगायला, तो तिचाच आला. हे तेव्हाच का नाही बोलली ही? मग लक्षात आलं, बोलली होती. माझ्या देखत, चार शब्दांत.

पोलिसांकडे जाऊ, मी म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली. "आधी आईला सांगा. मी दोनदा फोन केला, तर म्हणते, जमवून घे, ताई म्हणाल्यात ना माणूस सुधारला. माझं तिला पटत नाय. तिनं घरात घेतलं नाय, तर मला परत तिथंच जावं लागंल."

मी नंबर लावला. पलीकडून खुशीतला आवाज आला, "ताई! लय उपकार झाले तुमचे. पोरगी नांदती हाय."

मी सगळं सांगून टाकलं. हात मोडलाय, ती खरं बोलत होती, माझं चुकलं.

मग त्या म्हणाल्या, "तिला तिथंच बसवून ठेवा. मी निघाले. आन् ताई, मी येईस्तोवर तुम्ही तिच्याशी काही बोलू नका."