हवालदार भोसले उस्ताद आणि क्राझ

हवालदार वसंत भोसले. आधी त्यांचं नाव, मग बाकीचं. नववीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी फौजेत जड गाडी शिकवली, म्हणून आज मी सौदीत रास तनुराजवळ ट्रेलर चालवतो आणि गावी चूल पेटते.

आमचं पूल बांधणारं इंजिनिअर युनिट तेव्हा राजस्थानात एक्सरसाइजवर होतं. सकाळी पीटी, मग मेंटेनन्स, दुपारी ड्रायव्हिंग. गाड्या रशियन, क्राझ. उस्ताद बॉनेटवर हात ठेवून सांगायचे, "हिच्या आधीच्या मॉडेलला टू-स्ट्रोक इंजिन होतं, टायर अरुंद. रशियनांनी व्ही-एट बसवलं, टायर रुंद केले. टायरमधली हवा केबिनमधूनच कमी-जास्त होते. केबिनचा सांगाडा मात्र लाकडीच ठेवला. दिसायला म्हैस आहे रे, पण चिखलाला भीत नाही."

एका दुपारी वायरलेस वाजला. पुढच्या पोस्टवर नायक शिंदेला साप चावला होता आणि अॅम्ब्युलन्स वाळूत रुतली होती.

"क्राझ पाठवा. ओव्हर."

उस्तादांनी स्टिअरिंग मला दिलं, स्वतः शेजारी बसले. शिंदेला मागे घेऊन परत फिरलो. चढावर चाकं फिरली, गाडी थांबली. मी घाबरून रेस दिली. ती आणखी खाली बसली.

"रेस सोड."

"उस्ताद, त्याला उशीर होतोय."

"मग खड्डा का खणतोस? हवा काढ."

मी केबिनमधला हवेचा कॉक फिरवला. काटा उतरू लागला. टायर पसरेपर्यंत थांबायचं होतं. मागे शिंदे कण्हत होता आणि आम्ही नुसते बसून. त्याहून अवघड काम मी नंतर केलेलं नाही.

"आता. लो गिअर. हळू."

सहाही चाकांनी वाळू धरली. क्राझ चढली. शिंदे वाचला.

इथल्या कामगार कॅम्पातला रत्नागिरीचा इक्बालभाई चिडवतो, "फौजी, वाळूला अजून भितोस काय?" भितो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला की त्यालाही भितो. पण घाबरून रेस देत नाही, ते उस्तादांचं देणं.

पुढे त्यांची बदली डोंगराळ भागात झाली. कॉन्व्हॉयवर दरड कोसळली. मागच्या दोन गाड्या त्यांनी हाताने इशारा करून थांबवल्या, त्या वाचल्या. ते गेले.

त्यांचं नाव तिथल्या स्मारकावर कोरलं आहे. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, ते अजून पाहिलेलं नाही. एवढ्या लांब कोण नेणार, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. उस्ताद, मी नेईन. इथून सुटायचा एक्झिट व्हिसा मिळाला की आधी तुमच्या गावी येतो.